आप्पांचा हात

३ मार्च

दादा,

तुझ्या सासूबाईंकडे तीन खेपा घातल्या, तेव्हा कुठे हा पत्ता मिळाला. फोन नंबर दिला नाही. "तेवढं मागू नकोस," म्हणाल्या. तू रस्त्यांवर पांढरे पट्टे मारायच्या कामावर आहेस, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांच्यावर चिडू नकोस.

आप्पांना परत झटका आला. बारा दिवस झाले. पहिल्या वेळी तू त्यांना पाठीवर घेऊन दोन जिने उतरला होतास. या वेळी मी आणि शेजारच्या काकूंनी खुर्चीत बसवून उतरवलं, आणि मधल्या वळणावर खुर्ची अडकली. आप्पा त्या अवस्थेतही म्हणाले, "तिरपी करा, तिरपी." आयुष्यभर मोठे बोर्ड अरुंद जिन्यांतून काढलेला माणूस.

उजवी बाजू पूर्ण गेली आहे. हात मांडीवर ठेवला तर तिथेच राहतो. बोलणं जड झालंय, निम्मं कळतं, निम्मं मी ताडते. डोळ्यांपुढच्या ओळी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे वाचता येत नाही. डॉक्टर म्हणाले, तिसरा झटका येईल. कधी ते विचारलं, तर त्यांनी खांदे उडवले.

दाराशी पाऊल वाजलं की विचारतात, "आला का?" मी म्हणते, कामात आहे. दोन वर्षं कामात असतो का कोणी, असं ते विचारत नाहीत.

तुझा राग माझ्यावर आहे ना? मग माझ्यावरच ठेव, मी मरेपर्यंत ठेव. त्यांच्यावर कशाला?

हे वाक्य लिहून बराच वेळ बसून राहिले. आता खोडत नाही.

ये. एका दिवसासाठी ये. मी घरात नको असेन तर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मी ऑफिसात असते. काकूंकडे किल्ली आहे.

बारकी


२१ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. नसेलच, असं धरूनच लिहिते आहे.

तू विचारायचास, हे खूळ कुठून शिरलं तुझ्या डोक्यात? तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता सांगते.

पाणीपुरवठा ऑफिसात अकरा वर्षं मी मीटरचे आकडे संगणकात भरतेय. एकदा असंच आकडे भरताना लक्षात आलं की माझे डोळे उघडे आहेत, बोटं चालताहेत, आणि मी तिथे नाहीच. त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या या पदवीच्या कोर्सची माहिती वाचली. संगणक आणि कला, दोन्ही एकत्र. नोकरी सोडायची गरज नाही. एका वेळी एकच विषय घ्यायचा, जमलं नाही तर सहा महिने थांबायचं, सहा वर्षांत कधीही पुरा करायचा. चित्र काढता येणाऱ्याला प्रोग्रॅम लिहायला शिकवतात आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पाहायला. मला धड दोन्ही येत नव्हतं. तरी घेतलं त्यांनी.

दर शनिवारी पडद्यावर सगळे भेटायचो. भाजलेल्या रोग्यांच्या वॉर्डातली एक नर्स होती, ती रोग्यांच्या नाडीवरून भरतकामाचे नमुने काढायची. एक बस चालवणारे गृहस्थ होते, त्यांनी आपल्या इंजिनाच्या आवाजाचं संगीत केलं होतं. खरं सांगू? भयंकर होतं ते संगीत. पण ते ऐकवताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की कोणी काही बोलायचं नाही. मी एवढ्या लोकांत पहिल्यांदाच कोणीतरी होते. मीटरवाली नव्हते, रंगाऱ्याची मुलगी होते. बाई, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, म्हणाल्या, "तुमच्या घरात चाळीस वर्षांचं काम आहे आणि तुम्ही विषय शोधताय?"

म्हणून मी आप्पांचा हात घेतला.

तुला आठवत असेल तो उन्हाळा. तेव्हा ते धडधाकट होते. ब्रशच्या दांड्याला मी नखाएवढा सेन्सर बांधला होता. हात किती वेगाने वळतो, कुठे दाबतो, कुठे उचलतो, सगळं नोंदवायचा तो. आप्पा एनामेलच्या डब्यात ब्रश बुडवून काठावर दोनदा निपटायचे, तेही त्याने नोंदवलं. "यंत्राला शिकवतेस का माझा हात?" ते म्हणाले. "मग आधी सांग त्याला, पाठ सरळ कर." तू शिडीवरून हसलास. तूही हसलास दादा, हे मी विसरलेले नाही. तुलाही तेव्हा गंमतच वाटली होती.

पाच महिन्यांत शंभर बोर्डांची अक्षरं गोळा झाली. प्रोग्रॅम आधी लहान पोरासारखं गिरगटायचा. मग एका रविवारी त्याने एक अक्षर काढलं, गोल पोटाचं, शेवटची रेघ किंचित वर उचललेली. मी कागद आप्पांपुढे ठेवला. ते म्हणाले, "हे कधी काढलं मी?"

त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो मला पुन्हा कधी झाला नाही. आनंद होता, हेही लिहून ठेवते. नाहीतर तुला वाटेल मी पहिल्यापासून वाईटच होते.

त्यानंतर पहिला झटका आला. त्यानंतर बोर्डांची ती कंपनी आली. आमच्या कोर्सच्या विभागाचं आणि तिचं आधीपासून जमलेलं होतं. त्यांना प्रोग्रॅम हवा होता. विभागालाही हवं होतं. बाई म्हणाल्या, "एवढं काम कपाटात ठेवायचं का?" मूळ कलाकाराची लेखी परवानगी लागणार होती. ती मिळाली. पुढचं तू जाणतोस. आठ महिन्यांत बाजारातल्या निम्म्या दुकानांवर आप्पांची अक्षरं दिसायला लागली, प्लास्टिकमधून कापलेली, एका तासात तयार. तुझं गिऱ्हाईक गेलं. ज्या औषधवाल्याचा बोर्ड तू दर दोन वर्षांनी रंगवायचास, त्याने तुलाच म्हणे सांगितलं, "अहो, तुमच्याच घराण्याचं अक्षर आहे की!"

तू घरी आलास तेव्हा मी तुझ्यापुढे परवानगीचा कागद ठेवला. तू सही पाहिलीस. आप्पा आतल्या खोलीत झोपले होते. तू म्हणालास, "मला बोर्ड रंगवून द्यायला यांचा हात थरथरतो. स्वतःला विकायला नाही थरथरत." आणि त्यांना न उठवता निघून गेलास.

वहिनी सामान न्यायला आली, तेव्हाही आप्पा विचारत होते, काय झालं? मी म्हटलं, त्याला दुसरीकडे काम मिळालंय.

बारकी


१६ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर आप्पांचं नाव होतं, पण उघडणार मीच, हे तुला माहीत असणार.

वाचून दाखवलं त्यांना. उशीला टेकून बसले होते, मान माझ्याकडे करून. ऐकून झाल्यावर डाव्या हाताने पत्र मागितलं आणि छातीवर ठेवलं. आता ते उशीखाली असतं. जेवण कालपासून बरं चाललंय, दोन वेळा पेज घेतली.

तू जे विचारलंस त्याचं उत्तर त्यांना जमेल तेव्हा ते देतील. घाई करू नकोस.

माझी तोंडी परीक्षा नऊ मेला आहे. सहावं वर्ष संपतंय, हीच शेवटची संधी. ती होऊन जाऊ दे. मग मी तुला एक गोष्ट सांगणार आहे. तीन आठवड्यांचा प्रश्न आहे फक्त. तीन आठवड्यांत काही बिघडत नाही.

बारकी


१४ मे

दादा,

आप्पा काल गेले, दुपारी सव्वातीनला. मी ऑफिसात होते. काकू त्यांचं तोंड पुसत होत्या.

तुमच्या डेपोत फोन केला होता. मुकादम म्हणाला, तू हायवेवर आहेस आणि निरोप देतो. निरोप मिळाला का, ते मला माहीत नाही. आज सकाळी अकरापर्यंत थांबलो. मग शेजारचे काका म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही.

ब्रशने काम करणारे सगळे जुने रंगारी आले होते. पाचच उरलेत. त्यातल्या एकाने विचारलं, "मोठा कुठे आहे?" मी त्यांच्या हातात फुलं दिली.

परीक्षा बाईंच्या आजारपणामुळे पुढे गेली, ती सतराला आहे.

बारकी


१८ मे

दादा,

हे पत्र बसून वाच. उभ्याने वाचू नकोस.

काल परीक्षा झाली. तिघे परीक्षक होते. त्यातल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, "ज्यांच्या हातावर हे सगळं उभं आहे, त्यांची संमती तुम्ही कशी मिळवली?" मी म्हटलं, "त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी स्वतः सही केली." आप्पांना जाऊन चार दिवस झाले होते आणि माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. परीक्षकांनी माझं कौतुक केलं. एक जण म्हणाले, "वडिलांना केवढा अभिमान वाटत असेल." मी म्हटलं, "हो."

घरी आले. कुलूप उघडलं. पास झाले, हे सांगायला घरात कोणी नव्हतं. तेव्हा मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि ठरवलं, आता लिहायचं.

आप्पांनी सही केलेली नाही.

त्या दिवशी मी कागद घेऊन त्यांच्याजवळ बसले होते. पहिल्या झटक्याला चार महिने झाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोराला विचार आधी. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे." मी म्हटलं, आप्पा, आज शेवटचा दिवस आहे, पाच वाजेपर्यंत कागद द्यायचाय. ते म्हणाले, "मग राहू दे. न विचारता नाही." एवढं बोलून कुशीवर वळले.

तू त्या दिवशी गावाबाहेर शाळेची भिंत रंगवत होतास. फोन केला असता तर तू उचलला असतास. मी केला नाही. तू नाही म्हणशील, हे मला माहीत होतं.

साडेतीन वाजले होते. माझ्या टेबलावर प्रोग्रॅमची अक्षरं कागदावर उतरवणारा यंत्राचा दांडा होता, ब्रशच्या जागी पेन बसवता येणारा. आप्पांच्या सगळ्या बोर्डांच्या कोपऱ्यात त्यांची सही असायची, ती प्रोग्रॅमला पाठ होती. कागद खाली चिकटवला आणि बटण दाबलं. चार सेकंद लागले. मधे ते जसे क्षणभर थांबायचे, तसं ते यंत्रही थांबलं. मग शेवटची रेघ वर उचलली.

तुला शंका यायला हवी होती, दादा. त्यांना तेव्हा चमचासुद्धा धड धरता येत नव्हता. पण तू ती डौलदार सही पाहिलीस आणि तुला वाटलं, माझ्यासाठी न चाललेला हात त्यांनी इथे जीव एकवटून चालवला. तुझ्या चेहऱ्यावर ते मला स्पष्ट दिसलं. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. तू जिना उतरेपर्यंत वेळ होता. मी गॅलरीतून बघत राहिले.

अजून एक आहे.

तुझं पत्र दोन पानांचं होतं. तू लिहिलं होतंस, "आप्पा, मला एवढंच सांगा, सही तुम्ही राजीखुशीने केली का? नसेल तर मी उद्याच्या उद्या निघतो. केली असेल तर मला बोलावू नका." मी त्यांना वाचून दाखवलं, "आप्पा, मी बरा आहे. काम फार आहे. सुट्टी मिळाली की येतो. तब्येतीला जपा." ते खूश झाले. तुझे ते खरे शब्द त्यांच्या छातीवर होते आणि मी वाचलेलेच शब्द त्यात आहेत असं समजून ते त्यावर हात फिरवत होते.

मी एक शब्द खरा वाचला असता तर तू उद्याच्या उद्या निघाला असतास. सत्तावीस दिवस मिळाले असते तुम्हाला.

मी परीक्षेसाठी थांबले. दुसरं काही कारण नाही. शोधलं, सापडलं नाही.

उद्या विभागात जाऊन सांगणार आहे. तुला आधी कळावं म्हणून आज लिहिलं.

बारकी


२ जुलै

दादा,

तू येऊन गेलास त्याला तीन आठवडे झाले. तू फार थोडं बोललास. मला वाटलं होतं, मारशील. तू आप्पांच्या पलंगावर बसलास, गादीवर हात ठेवलास, आणि चहा मागितलास. मी कप दिला तर म्हणालास, "साखर कमी घातलीस." दोन वर्षांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

विभागाचं विचारलं होतंस. पदवी रद्द झाली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त फाईल बंद केली. ऑफिसात कोणाला काही माहीत नाही, मी आकडे भरते. कंपनी म्हणते, त्यांनी कागदावर विश्वास ठेवून घेतलं, आता वकील काय ते बोलतील. बाजारात अक्षरं तशीच आहेत. परवा नवीन चपलांच्या दुकानावरही दिसली. बघताना अजूनही पहिल्यांदा मनात येतं, किती सुंदर. मग मी मान खाली घालून पुढे चालू लागते.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

निघताना तू दारात चपला घालत विचारलंस, "माझ्याबद्दल काही म्हणाले का शेवटी?" मी म्हटलं, "म्हणाले, त्याच्यावर माझा विश्वास आहे." तू मान हलवलीस. जिन्यात तू रडलास, मला ऐकू आलं. मला वाटलं, एवढं तरी बरं केलं मी.

ते खोटं होतं, दादा. मला आता हे थांबवायचं आहे. तुला दुखलं तरी.

तुझं पत्र वाचून दाखवलं, त्याच्या आठवडाभराने, रविवारी दुपारी मी त्यांना भरवत होते. त्यांनी चमचा तोंडाशी आला तशी मान फिरवली. म्हणाले, "एवढं मोठं पत्र. तू दोनच ओळी वाचल्यास."

मी म्हटलं, "तेवढंच आहे, आप्पा. मोठं अक्षर आहे त्याचं."

ते म्हणाले, "त्याचं अक्षर मोठं नाही. मी शिकवलंय."

मी चमचा वाटीत ठेवला. त्यांनी छताकडे पाहिलं. मग, एकेक शब्द ओढून काढत, विचारलं, "तो कागद. मी... सही केली होती का गं?"

तेव्हा मी सांगू शकत होते. खोलीत आम्ही दोघंच होतो. परीक्षेला पंधरा दिवस होते. मी म्हटलं, "हो, आप्पा. तुम्हीच केलीत."

"आठवत नाही."

"आजारी होतात ना तेव्हा."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. चेहरा हळूहळू बदलला, जसं एखाद्याला दिलेली मापं चुकीची होती हे बोर्ड लावून झाल्यावर कळावं. म्हणाले, "मग पोरगा बरोबर आहे. म्हणून येत नाही." आणि मग, "कागद घे. लिही."

मी लिहिलं. ते सांगत होते, मी लिहीत होते. प्रत्येक शब्दाला वेळ लागत होता. एक शब्दही मी बदलला नाही. का नाही बदलला, ते माहीत नाही. पाठवायचं नाही हे मनात ठरलेलं होतं म्हणून असेल. लिहून झाल्यावर त्यांनी पेन मागितलं, डाव्या मुठीत धरलं. मी कागदाखाली ताट धरलं. दोनदा पेन निसटलं, तिसऱ्यांदा जमलं. घामाने त्यांची मान भिजली होती.

म्हणाले, "आज टाक पेटीत." मी "हो" म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "टाकलंस?" मी परत "हो" म्हटलं. त्यानंतर गेले त्या दिवसापर्यंत ते तुझ्या उत्तराची वाट पाहत होते.

तो कागद या पाकिटात आहे. त्यावर एवढंच आहे: "माझ्या पोरा, तुला न विचारता सही केली. बापाची चूक झाली. माफ कर. रंगाचं काम सोडू नकोस."

खाली जी वाकडी, तुटक रेघ आहे, ती वाचता येणार नाही. ती मात्र त्यांनीच केली आहे.

बारकी